जाणत्याचे मौन : शाळेतील छळ आणि सांगण्याचे कर्तव्य

शाळेत एखाद्या विद्यार्थ्याचा छळ होतो तेव्हा ती गोष्ट छळणारा आणि सोसणारा या दोघांतच राहते, असे क्वचित घडते. शेजारच्या बाकावरच्या मुलाला, वर्गशिक्षिकेला, फाटकावरच्या शिपायाला, कधी खुद्द मुख्याध्यापकांनाही थोडेफार ठाऊक असते. या जाणत्यांनी काय करावे, हा प्रश्न कायद्यात येण्याच्या कितीतरी आधी धर्मशास्त्राने आणि नीतिशास्त्राने हाताळला आहे. ज्याने स्वतः काहीच केले नाही त्याला केवळ न बोलल्याचा दोष लागतो का? लागत असेल तर तो सर्वांना सारखाच लागतो का? आणि बोलायचे तर कोणाजवळ, कशासाठी?

येथे छळ म्हणजे तीन प्रकारचे वर्तन अभिप्रेत आहे : लैंगिक छळ; जात, धर्म, लिंग, रंग किंवा अपंगत्व यांवरून केलेला भेदभाव; आणि किशोरवयीन प्रेमसंबंधातील मारहाण, धमकी, पाळत व जबरदस्ती. तिन्ही प्रकारांत सोसणारा दुबळ्या जागी असतो आणि वाच्यता झाली तर आपलेच नाव खराब होईल, ही भीती त्याचे तोंड बंद ठेवते.

सभासदांचा वाटा

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत ठसठशीत रूप महाभारताच्या सभापर्वात आहे. द्रौपदी द्यूतसभेत प्रश्न विचारते आणि भीष्म-द्रोणांसारखे जाणते असूनही सभेकडून सरळ उत्तर येत नाही. तेव्हा विदुर प्रल्हादाची कथा सांगतो. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा यांच्यात वाद झाला आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलायची पाळी आलेल्या प्रल्हादाने कश्यपाला विचारले, की जाणूनही उत्तर न देणाऱ्याची गती काय? कश्यपाच्या उत्तराचा आशय असा, की काम, क्रोध किंवा भय यांपायी जो गप्प राहतो तो वरुणाच्या हजार पाशांनी बांधला जातो. निंद्य कर्माची जेथे निंदा होत नाही, तेथे पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे आणि एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे जातो.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हीच वाटणी थोडी वेगळी आहे. तेथे कर्ता, साक्षी, सभासद आणि राजा यांना समान चौथा हिस्सा मिळतो. त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे, की सभेत जाऊ नये, किंवा गेल्यास सरळ बोलावे. म्हणजे सभासदत्व हीच एक जबाबदारी ठरते. शिक्षकाची, मुख्याध्यापकाची किंवा संस्थाचालकाची खुर्ची स्वीकारणारा अशा सभेत आपण होऊन गेलेला असतो. आपण त्या भानगडीत नव्हतो, हा बचाव त्याला उरत नाही.

दुसरा धागा अहिंसेच्या विचारातला आहे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. जैन आचारशास्त्रातही हे त्रिविध वर्गीकरण मूलभूत मानले जाते. मौन हे अनुमोदन आहे का, याचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून राहते : माणसाला कितपत ठाऊक होते आणि त्याच्या हातात कितपत होते. सातवीतला मुलगा दांडग्या मुलांच्या भीतीने गप्प बसतो आणि मुख्याध्यापक निकालाच्या व देणग्यांच्या काळजीने गप्प बसतात. ही दोन मौने एका तागडीत घालता येत नाहीत. मुलाच्या हातात फारसे काही नसते. मुख्याध्यापकांनी एक फोन केला तर प्रसंग थांबू शकतो. ज्ञान आणि सामर्थ्य जसजसे वाढते तसतसे मौन अनुमोदनाच्या जवळ सरकते, हा कश्यपाच्या वाटणीमागचाही तर्क आहे.

सांगायचे कोणाला?

भेदभावाच्या बाबतीत हा तर्क एका अडचणीपाशी येऊन थांबतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याच्या शाळेतले दिवस वर्णिले आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील शाळेत दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. इतर मुले तहान लागली की शिक्षकांची परवानगी घेऊन नळाशी जात. या मुलाला नुसती परवानगी पुरत नसे. नळाला हात लावायची मनाई असल्याने शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानलेले राहायचे.

या प्रसंगात चोरून केलेले काहीच नाही. शिक्षक, शिपाई, मुले, सगळ्यांना सगळे ठाऊक आहे, आणि शाळेची घडीच तशी बसवलेली आहे. येथे तक्रार करायची तर कोणाकडे? ज्याच्याकडे जायचे तोच त्या व्यवस्थेचा रखवालदार. जेथे सगळी सभाच दोषी असते तेथे सभेबाहेरचा न्यायकर्ता लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ व १७ नी, आणि पुढे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने व १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने ही बाहेरची जागा निर्माण केली. शाळेतली तक्रार शाळेतच मिटवावी, हा आग्रह म्हणूनच तत्त्वतः लंगडा आहे. छळ संस्थेच्या सवयीतूनच होत असेल, तर संस्था स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही.

चहाडी आणि तक्रार

मुलांच्या जगात सांगणाऱ्याला चहाडखोर म्हणतात आणि वर्गात त्याच्याशी कोणी बोलत नाही. मोठ्यांच्या जगात हीच गोष्ट ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या शहाणपणाच्या रूपाने वावरते. धर्मग्रंथांनी चहाडीचा धिक्कार केला आहे हेही खरे. मात्र त्यांनी तेवढ्यावरच थांबणे पसंत केले नाही. यहुदी परंपरेत लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एकच वचन चुगल्या करीत फिरू नये असे सांगते आणि लगेच पुढे शेजाऱ्याचे रक्त सांडत असताना नुसते उभे राहू नये असेही बजावते. दोन्ही आज्ञा एका दमात आल्याने पहिलीचा आडोसा घेऊन दुसरी टाळता येत नाही.

कुराणात हाच तोल दिसतो. एकीकडे परनिंदा आणि दुसऱ्याच्या खासगी गोष्टींची टेहळणी निषिद्ध ठरवली आहे. दुसरीकडे साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी असल्याचे सांगितले आहे. वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता ईश्वराला आवडत नाही, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ती मुभा आहे, असा स्पष्ट अपवादही चौथ्या सूरेत आहे.

चहाडी आणि तक्रार यांतला भेद बोलण्याच्या हेतूवर आणि दिशेवर ठरतो. चहाडीने दुसऱ्याला खाली ओढायचे असते किंवा वरच्याची मर्जी मिळवायची असते. तक्रारीने होत असलेली इजा थांबवायची असते. चहाडी दहा कानांशी फिरते. तक्रार ज्याला काही करता येईल त्याच्याकडे जाते. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या कपाबरोबर एखाद्या मुलीवर आलेल्या प्रसंगाची चर्चा होते आणि पोलिसांना मात्र कोणी कळवत नाही, तेव्हा चहाडी झालेली असते आणि तक्रार राहून गेलेली असते.

सत्य सांगणे सदैव श्रेयस्कर असते असेही नाही. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सत्य बोलायचे व्रत घेतलेल्या कौशिकाने लुटारूंना पळालेल्या माणसांची वाट दाखवली. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तो खोटे बोलला नव्हता. त्याने खरे चुकीच्या हाती दिले होते. शाळेच्या संदर्भात हा इशारा फार नेमका आहे : सांगण्याच्या कर्तव्यात कोणाला सांगायचे याचा विवेक अंतर्भूत असतो.

ऐकणाऱ्याचे प्रमाण

सांगणाऱ्यावर विश्वास कधी ठेवायचा, हा ज्ञानशास्त्राचा प्रश्न आहे. न्यायदर्शनात आप्ताचा उपदेश म्हणजे शब्दप्रमाण. भाष्यकार वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगताना दोन कसोट्या दिल्या : त्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणलेली असावी आणि ती जशी आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना ही व्याख्या सारखीच लागू होते, असेही त्याने नोंदवले. शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या दर्जावर अवलंबून नाही, असा याचा निष्कर्ष निघतो.

शाळेतल्या तक्रारी बहुधा नेमक्या दर्जावरच अडतात. वीस वर्षे नोकरी केलेले सर एका बाजूला आणि अभ्यासात मागे असलेली मुलगी दुसऱ्या बाजूला असली, की तराजू आधीच झुकलेला असतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात अशा पूर्वग्रहामुळे एखाद्याच्या बोलण्याला कमी वजन मिळण्याला स्वतंत्र अन्याय मानले आहे. आपल्यावर काय ओढवले हे मांडायला शब्दच उपलब्ध नसणे, हा त्यांनी सांगितलेला दुसरा अन्याय.

लहान मुलांच्या बाबतीत हा दुसरा अन्याय रोजचा असतो. पाच वर्षांचे मूल ‘अत्याचार’ म्हणत नाही. ते सकाळी दप्तर भरताना पोट दुखते म्हणते, एका ठरावीक काकांच्या व्हॅनमध्ये बसायला नाही म्हणते, शाळेतल्या स्वच्छतागृहात जायचे टाळते आणि घरी आल्या आल्या तिकडे धावते. शरीराच्या अवयवांची साधी नावे त्याला शिकवलेली नसतील तर त्याच्याजवळ सांगण्याचे साधनच नसते. असे शिक्षण हे प्रतिबंधाचे पहिले पाऊल मानले जाते ते याचमुळे. भारतीय पुरावा कायद्याने १८७२ पासूनच प्रश्न समजून सुसंगत उत्तर देऊ शकणाऱ्या बालकाला साक्षीसाठी सक्षम मानले होते. २०२३ च्या नव्या कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. वयाचे कारण सांगून मुलाचे म्हणणे उडवून लावणे कायद्यालाही मान्य नाही आणि वात्स्यायनाच्या कसोटीलाही नाही.

लपवणे आणि खोटा आळ

तक्रारींना प्रोत्साहन दिले तर निरपराध माणूस भरडला जाईल, हा आक्षेप जुना आणि रास्त आहे. बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनी, तो अडीच हजार वर्षांच्या परंपरेत दोन्ही बाजूंनी हाताळला. दुसऱ्या भिक्खूचा गंभीर अपराध जाणूनबुजून लपवणे हा भिक्खूसाठी पाचित्तिय म्हणजे प्रायश्चित्ताचा दोष आहे. तर निराधारपणे दुसऱ्यावर पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे बाहेर काढणाऱ्या, अपराधाचा आळ घेणे हा त्याहून भारी, संघादिसेस दोष आहे. दब्ब मल्लपुत्त या निष्कलंक भिक्खूवर रचलेल्या खोट्या आरोपाच्या निमित्ताने हा नियम घालून दिला गेला.

अनियत नावाचे दोन नियम विशाखा या उपासिकेशी जोडलेले आहेत. उदायी हा भिक्खू एका तरुणीसोबत एकांतात बसलेला तिने पाहिला आणि त्याला हटकले. त्याने मानले नाही, तेव्हा तिने ही गोष्ट इतर भिक्खूंना सांगितली. विश्वासार्ह उपासिकेने असे सांगितल्यास संघाने दखल घ्यावी, असा नियम त्यातून झाला. संघाबाहेरच्या, गृहस्थ स्त्रीच्या शब्दावर संघाच्या सदस्याची चौकशी होऊ शकते, हे त्या काळाच्या मानाने मोठे पाऊल होते. आरोप करणाऱ्याने योग्य वेळी, खरे, सौम्यपणे, हितासाठी आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे, अशी अपेक्षाही विनयात आहे. दब्ब आणि विशाखा यांच्या कथा एकत्र वाचल्या की तत्त्व स्पष्ट होते : कळवणे म्हणजे निकाल देणे नव्हे. कळवणारा प्रश्न योग्य ठिकाणी पोचवतो. खरे-खोटे ठरवण्याचे काम चौकशीचे असते.

कायद्याने केलेली वाटणी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, २०१२ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्यात बालक आहे. कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची भीती ज्याला वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो; हाताखालच्या माणसाने केलेला अपराध संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही, तर त्याची कैद एक वर्षापर्यंत जाते. बालकाला मात्र या शिक्षेतून पूर्ण सूट आहे. कलम २२ मध्ये द्वेषाने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, आणि तेथेही बालक वगळलेले आहे.

प्रमुखाला इतरांच्या दुप्पट, हे प्रमाण कश्यपाच्या अर्ध्या आणि पाव हिश्शांशी तंतोतंत जुळते. कायदा करणाऱ्यांनी सभापर्व डोळ्यांपुढे ठेवले असेल असे मानण्याचे कारण नाही. सत्तेच्या प्रमाणात दोष, हा तर्क दोन्हीकडे स्वतंत्रपणे त्याच जागी पोचतो. कायद्याने एक पाऊल पुढे टाकून सभेतल्या सर्वांत दुबळ्या घटकाला, म्हणजे मुलाला, मौनाच्या दोषातून मुक्त केले.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणात, ठाऊक असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या एका डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि वेळेवर कळवण्याला या कायद्यात अत्यंत महत्त्व असल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील बालवर्गातल्या दोन मुलींच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यांच्या संतापाचे एक कारण दाद घेण्यात झालेली दिरंगाई हे होते, आणि शाळेशी संबंधित व्यक्तींवर न कळवल्याबद्दलही गुन्हा नोंदला गेला.

प्रेमातली हिंसा

किशोरवयीन प्रेमसंबंधात कळवण्याचे कर्तव्य सर्वांत गुंतागुंतीचे होते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी एका मुलाशी बोलू लागते. तो तिच्या मोबाइलचा पासवर्ड मागतो, ‘ऑनलाइन होतीस, मग उत्तर का नाही दिलेस?’ असे विचारतो, मैत्रिणी तोडायला लावतो, एक दिवस हात उगारतो आणि तिने संबंध तोडायचे म्हटले की फोटो पसरवण्याची धमकी देतो. पाळत ठेवणे हे बऱ्याचदा प्रेमाचे लक्षण म्हणून स्वीकारले जाते. चित्रपटांतला नकार न जुमानणारा नायक त्या समजुतीला खतपाणी घालतो. लैंगिक हेतूने बालकाचा सतत पाठलाग करणे किंवा समाजमाध्यमांतून वारंवार संपर्क साधणे पोक्सोच्या कलम ११ खाली लैंगिक छळ ठरते.

अशी मुलगी गप्प राहते ती बहुधा मुलाच्या भीतीपेक्षा घराच्या भीतीने. हिंसा सांगायची तर आधी प्रेम सांगावे लागते. आणि ते कळले की शाळा बंद, मोबाइल जप्त, कधी घाईने लग्न. शिवाय संमतीने झालेला शरीरसंबंधही अठराच्या आत कायद्याने अपराध असल्याने शिक्षकाला कळले तर कळवण्यावाचून गत्यंतर नसते. २२ व्या विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील अहवालात संमतीचे वय कमी करू नये, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील संमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला विवेकाधिकार असावा, अशी शिफारस केली.

कौशिकाची गोष्ट येथे लागू पडते. मुलीला भरवशात घेऊन, आपल्याला काय कळवणे भाग आहे हे तिला आधीच सांगून, समुपदेशक आणि बाल कल्याण समिती यांच्या मदतीने पुढे जाणारा शिक्षक आणि संतापी बापाला फोन करून मोकळा होणारा शिक्षक, दोघेही सांगतातच. पहिल्याच्या सांगण्याने मुलगी सुरक्षित होते, दुसऱ्याच्या सांगण्याने तिच्यावर नवे संकट येते. छळणारा मुलगाही अठराच्या आतला असेल तर बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याच्या सुधारणेचा विचार होतो. त्याला कायमचा गुन्हेगार ठरवणे हा कळवण्याचा हेतू नसतो.

क्षमा आणि गुप्तता

धार्मिक संस्थांच्या शाळांत दोन युक्तिवाद विशेष ऐकू येतात. पहिला क्षमेचा : चूक झाली, माफी मागितली, आता विषय वाढवू नये. क्षमा हा सर्व धर्मांनी गौरवलेला गुण आहे. पण ती देण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो; मुख्याध्यापक मुलीच्या वतीने क्षमा करू शकत नाहीत. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते. नेहमीच क्षमा करणे हिताचे नाही आणि नेहमीच कठोर राहणेही नाही, हे त्याचे सार आहे. दोघांना समोरासमोर उभे करून हस्तांदोलन करायला लावण्याने वरकरणी सलोखा होतो आणि दुबळ्याची कोंडी मात्र कायम राहते.

दुसरा युक्तिवाद गुप्ततेचा. कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदनाची गुप्तता अभंग मानली जाते. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू व व्रतस्थांवर लैंगिक अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातले, तरी पापनिवेदनात कळलेल्या गोष्टी त्यातून वगळल्या. पोक्सोच्या कलम १९ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत आणि धर्मगुरूंसाठी अपवाद लिहिलेला नाही. गोवा आणि महाराष्ट्रात चर्चच्या अनेक शाळा असल्याने हा पेच येथे केवळ पुस्तकी नाही. त्याची व्याप्ती मात्र लहान आहे : पापनिवेदनाच्या संस्कारात ऐकलेले एवढ्यापुरतीच ती गुप्तता असते. शाळेच्या कार्यालयात प्राचार्य म्हणून जे कळले त्याला ती लागू होत नाही.

शाळेची रचना

या विचारातून प्रतिबंधासाठी काही निकष निघतात. सांगण्याची वाट मुलाच्या आवाक्यातली हवी. महाराष्ट्रातील शाळांत तक्रारपेटी आणि २०२२ पासून सखी सावित्री समिती यांची तरतूद आहे. १०९८ ही मदतवाहिनी देशभर आहे. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच टांगलेली असेल आणि तिची किल्ली त्यांच्याच टेबलाच्या खणात असेल, तर त्यांच्याविरुद्धची चिठ्ठी तिच्यात पडणार नाही. एकापेक्षा अधिक वाटा असाव्यात आणि त्यांतली एक तरी शाळेबाहेर जाणारी असावी. शिपायापासून संस्थाचालकापर्यंत प्रत्येकाला काय व कोणाला कळवायचे हे नेमणुकीच्या वेळीच सांगितलेले असावे. कळवण्याआधी अंतर्गत चौकशी करून खात्री करून घेण्याची जबाबदारी शाळेची नाही. त्या वेळात पुरावा नाहीसा होतो आणि मुलावर दबाव येतो. जे प्रकार पोक्सोत बसत नाहीत, उदाहरणार्थ जातीवरून टोमणे किंवा डब्याची वेगळी पंगत, त्यांचीही नोंद व्हावी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे.

कळवल्यावर शाळेचे काम संपत नाही. मुलाची ओळख उघड न करणे, त्याचा वर्ग व परीक्षा सुरळीत ठेवणे, आणि वर्गबदल करायचाच झाला तर तो तक्रार करणाऱ्याचा न करणे, ही पुढची कर्तव्ये आहेत. तक्रार करणारे मूल शाळा सोडून जाते आणि आरोपी तेथेच राहतो, तेव्हा पाहणाऱ्या इतर मुलांना गप्प बसण्याचा धडा मिळतो. याउलट एका मुलाचे म्हणणे नीट ऐकून घेतले गेले, तर पुढच्या मुलाला बोलायला कमी धैर्य लागते. मौनाचा दोष सत्तेच्या प्रमाणात वाटला जातो. बोलणे सोपे करण्याची जबाबदारीही त्याच प्रमाणात वाटली जाते.